चादरीचा ताळा

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेला, सोलापूरला गेले होते तेव्हा दोन डबल चादरी घेतल्या, एक घरी आणि एक आमच्या गणिताच्या बाईंना. घरची आता चार महिने रोज वापरात आहे, तीनदा धुतली, म्हणून लिहितेय. दुकानाबद्दल नाही लिहीत, दुकानं सोलापुरात पावलोपावली आहेत, आपल्याला चादर ओळखता आली पाहिजे.

मला ती ओळखायला बाईंनी शिकवलं, आठवीत. बाईंच्या माहेरी चार माग होते, घरात तेलुगू आणि वर्गात मराठी. एक दिवस त्या चादरीचा फाटका तुकडा आणि जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, जुनी पुठ्ठ्याची पट्टी घेऊन वर्गात आल्या, पट्टीला भोकं पाडलेली. म्हणाल्या, भोक असलं की उभा धागा वर उचलला जातो, नसलं की खालीच राहतो, एवढ्या दोनच गोष्टींवर अख्खा मोर विणून होतो. मग आम्हाला आलेखाच्या वहीत चौकोन भरून फूल काढायला लावलं. शेवटी तो तुकडा उलटा केला, पुढे लालवर पांढरं फूल होतं ते मागे पांढऱ्यावर लाल झालेलं. "हा बघा ताळा. पुढची बाजू कुणीबी छान करतंय, चूक मागं सापडती."

उत्तर बरोबर असलं तरी ताळा लिहिला नाही म्हणून बाई अर्धा मार्क कापायच्या. तेव्हा फार राग यायचा. आज मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे आणि रिलीजच्या आदल्या रात्री सगळे झालं झालं म्हणत निघायच्या तयारीत असतात तेव्हा मला आतून ऐकू येतं, ताळा कुठाय, आणि मी परत खुर्चीत बसते. भोक आहे की नाही, म्हणजे एक की शून्य, यावरच कॉम्प्युटरचं सगळं उभं आहे हे मला कॉलेजात कुणी शिकवायच्या आधी, एका पुठ्ठ्यावरून, कळलं होतं.

तर चादर. आधी उलटी करा. अस्सल जकार्ड असेल तर मागे तीच नक्षी रंग बदलून तितकीच स्वच्छ दिसते, नुसतं छापलेलं असेल तर मागची बाजू फिकट असते. मग दशीतला एक धागा दुकानदाराकडे मागून घ्या आणि जाळून बघा, सूत कागदासारखं जळतं आणि राख बोटात विरते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. दोन वर्षांपूर्वी घाईत हायवेवरच्या एका दुकानातून "सोलापुरी" म्हणून घेतलेली चादर यातलं काहीच न बघता आणली, पहिल्याच धुण्यात दोन पांढरे शर्ट गुलाबी. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन आहे, म्हणजे हे नाव फक्त तिथल्याच मालाला लावायचं, तरी दुसरीकडचा माल त्याच नावाने सर्रास विकतात, फार वाईट वाटतं.

ही मात्र पूर्ण सुती आहे. दोन्ही मिळून 1400 रुपये दिले. सुरुवातीला खळीमुळे कडक वाटते, अंगाला टोचते पण, दोन धुण्यांनंतर अशी मऊ पडते की सोडवत नाही. थंडीत ऊब आणि मे महिन्यात गच्चीवर अंगाखाली गार, दोन्ही. ओली झाली की खूप जड होते, छोट्या मशीनमध्ये घालू नका, आणि पावसाळ्यात वाळायला दोन दिवस धरा. पहिलं धुणं वेगळं, गार पाण्यात.

बाईंना द्यायला गेले तर आता त्यांना कमी दिसतं. चादर मांडीवर घेतली, तोंडभर कौतुक केलं, आणि बोलता बोलताच उलटी केली. बोटं काठावरून फिरवत फिरवत एका कोपऱ्यावर थांबल्या. "इथं धागा सुटलाय बघ गं." मी दुकानात दहा मिनिटं उलटसुलट केलेली चादर, मला दिसला नव्हता तो. मी म्हटलं, "बाई, बदलून आणते." तर म्हणाल्या, "कशाला, सुई आण त्या डब्यातली." सुईत दोरा मी ओवून दिला, टाका त्यांनीच घातला, मागच्या बाजूने.