नाव नसलेला कॉरी, 8,950 रुपये

स्वतःचं हसू करून घ्यायची हौस नाही, पण परभणीतल्या आणखी कुणाचे पैसे जाऊ नयेत म्हणून लिहितोय. अकरा वर्षं शोभेच्या माशांच्या टाक्या सांभाळतोय, नवशिका नाही, हे आधीच सांगतो.

कॉरी म्हणजे कॉरीडोरास, टाकीच्या तळाशी फिरणारा मिशांचा छोटा मासा. विकणारा म्हणाला, "नवीन कॉरी आलाय सर, पेरू देशातला माल. अजून नावच पडलेलं नाही, फक्त सीडब्ल्यू नंबर." एवढ्यावर मी गळाला लागलो. शास्त्रीय नाव न मिळालेल्या कॉरीडोरासना असे नंबर खरंच देतात, त्यामुळे शंका आली नाही. तुम्हालाही आली नसती. नगाला 1,400 प्रमाणे सहा घेतले, 8,400. थर्माकोलचा डबा आणि ट्रॅव्हल्सचं भाडं 550. सगळे आगाऊ, यूपीआयनं. बिल मागत जा. मी मागितलं नाही.

आता जे आठवलं की अजून झोप उडते ते. मी विचारलं होतं, आमचं बोअरचं पाणी फार जड आहे, जमेल का? तो म्हणाला, "बिनधास्त. कुठल्याही पाण्यात राहतात." आणि मला आनंद झाला! ॲमेझॉन नदीच्या मऊ पाण्यातून नुकता आलेला मासा परभणीच्या बोअरच्या पाण्यात बिनधास्त? तिथंच फोन ठेवायचा होता. व्हिडिओ आला तोही वरून, बादलीतला. मिशा पार पोटाच्या मागं गेलेल्या. कॉरीच्या मिशा बोटभर माशाला नखाएवढ्या. "पिल्लं आहेत सर, मोठी झाली की आखूड दिसतात." हेही पटवून घेतलं. आणि पिशवी उघडली तेव्हा? कॉरीच्या दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन रांगा असतात, घरावर कौलं बसवावीत तशा. हे सहाही गुळगुळीत. बघितलं, आणि म्हटलं, नवीन जात आहे, असेल तशी.

नवीन जात म्हटली की काहीही खपतं. तीच तर त्याची युक्ती.

तीन आठवड्यांत टाकीतल्या बारा निऑन टेट्रांचे, म्हणजे छोट्या रंगीत माशांचे, चार उरले. दिवसा सगळे शांत, रात्री दिवा लावला की हे सहाजण पाण्यात फेऱ्या मारतायत. गंगाखेडचे मामा आले होते, टाकीत वाकून म्हणाले, "भाच्या, ही शिंगटी काचेत कशाला ठेवली रे? गंगेत जाळं टाकलं की ढिगानं येतात." गंगा म्हणजे आमची गोदावरी. कल्ल्यामागचा काळा ठिपका, अंगावरचे पट्टे, चार जोड्या मिशा. मिस्टस, म्हणजे शास्त्रीय नावातली शिंगटीच. बायको हसली नाही, ते जास्त लागलं.

मग ठाण्यात. साहेब म्हणाले, "मासे मिळाले ना? जिवंत आहेत ना?" आहेत. "त्यानं नाव नसलेला मासा विकला, तुम्ही नाव नसलेलाच घेतला. मग तक्रारीत लिहू काय?" मागचा हवालदार खुदकन हसला. हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं, शेवटी सल्ला काय, तर ठाण्यात जा. मासा कुठला आहे एवढं लेखी द्या म्हणून मत्स्यवाल्यांकडे गेलो, तर तिथं रोहू-कटल्याच्या पुढं बात नाही आणि "लेखी देता येत नाही." तीन ठिकाणी तीन अर्ज, पोच एकाचीही नाही! ज्याला त्याला वाटतं, माशांसाठी रडतोय. माशांसाठी नाही हो, 8,950 साठी. वर आठ निऑनचे 280.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, पण कागद लागतो, आणि कागद म्हणजे माझ्याकडं फक्त चॅट. ते तरी पुसू नका. बाजूनं काढलेला, चांगल्या उजेडातला व्हिडिओ मिळाल्याशिवाय रुपया सोडू नका. विकणाऱ्यानं पाठवलेला फोटो आधी गुगल लेन्समध्ये टाका, मला आलेल्या फोटोतला मासा खरा कॉरीच होता, फक्त दुसऱ्या कुणाच्या टाकीतला. आणि नवीन मासे महिनाभर वेगळे ठेवा, मी घाई केली.

सहाही आता मागच्या टबात आहेत. नदीत सोडायचे नाहीत, टाकीतला रोग नदीत जातो. मामा म्हणतात, तिखटात करू. काल त्या विकणाऱ्याचं स्टेटस बघितलं: तोच फोटो, "शेवटच्या चार जोड्या", भाव 1,600.