घसरणीत हप्त्याहप्त्याने घ्यावा की वळल्यावर?

शेअर १५० वरून १०० वर आला आहे. कंपनी तुम्ही तपासली आहे आणि भाव तिच्या कुवतीपेक्षा कमी वाटतोय. इथून दोन वाटा फुटतात: घसरण चालू असतानाच थोडाथोडा घेत जायचं, किंवा भाव वळलेला दिसल्यावरच हात घालायचा. नेमका तळ पकडायची तिसरी वाट मी मोजतच नाही. तळ कुठे होता हे नंतर आलेखात दिसतं, तेव्हा सगळेच हुशार असतात.

आधी आकडेमोड. हप्तेवाला १००, ८० आणि ६० या भावांना सारखीच रक्कम घालतो. खालच्या भावात जास्त शेअर येत असल्याने त्याची सरासरी ८० नाही, साधारण ७६.६० पडते. थांबणाऱ्याचा नियम असा धरू, की नीचांकापासून २० टक्के वर आला की घ्यायचा. घसरण ५० वर थांबली तर तो ६० ला घेतो आणि हप्तेवाल्याला सहज मागे टाकतो. पण भाव ८० वरूनच फिरला तर हप्तेवाल्याची सरासरी ८८.९० आणि थांबणारा ९६ ला. म्हणजे घसरण उथळ असेल तर पहिला जिंकतो, खोल असेल तर दुसरा. ती किती खोल जाणार हे मात्र दोघांनाही ठाऊक नसतं.

थांबणं दिसतं तितकं सुरक्षितही नाही. अमेरिकेचा डाऊ निर्देशांक नोव्हेंबर १९२९ मध्ये १९८ वर आला आणि एप्रिल १९३० पर्यंत २९४ वर गेला. ४८ टक्क्यांची उसळी! कुठल्याही नियमाने ‘वळला’ म्हणावा अशीच. जुलै १९३२ मध्ये तोच निर्देशांक ४१ वर होता. उलट २०२० मध्ये अमेरिकेचाच दुसरा निर्देशांक, एस अँड पी ५००, महिन्याभरात ३४ टक्के पडला आणि ऑगस्टमध्ये नव्या उच्चांकावर पोचला. भाव सोडून बातम्या सुधारण्याची वाट बघत बसलेले तेव्हा बाहेरच राहिले.

तरी थांबणाऱ्याकडे एक गोष्ट असते जी हप्तेवाल्याकडे नसते: आपण चुकलो हे कळण्याची जागा. जुना नीचांक तुटला की बाहेर पडायचं. हप्तेवाल्याला भाव पडेल तसा शेअर आणखी स्वस्त वाटतो, आणि तिथेच घात होतो. ९० टक्के पडलेला शेअर कधीतरी ८० टक्के पडलेला होता. तेव्हा ‘आता किती पडणार’ म्हणून घेतलेल्यांचे पैसे तिथून निम्मे झाले.

म्हणून हप्त्यांची वाट धरायची तर भावापेक्षा ताळेबंद बघा. ॲमेझॉन २००० नंतर ९० टक्क्यांहून जास्त पडला, पण बाजार कोसळण्याच्या तोंडावर कंपनीने रोख्यांतून पैसा उभारून ठेवला होता, त्यामुळे तग धरता आला. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे जुने शेअर रद्दच झाले. तिथे सरासरी कितीही खाली आणली असती तरी उपयोग शून्य. डोक्यावर कर्ज असलेल्या कंपनीत मंदी आली की बुडत्याचा पाय खोलात. पीई, म्हणजे शेअरचा भाव त्याच्या वाट्याच्या वार्षिक नफ्याच्या किती पट, तो कमी आहे यावरही विसंबू नका. पोलाद, खाणकाम अशा चढउताराच्या धंद्यांत नफा शिखरावर असतो तेव्हाच पीई सर्वांत कमी दिसतो.

माझं मत विचाराल तर निर्देशांक फंडात, म्हणजे निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात, हप्ते. व्यापक निर्देशांक शून्यावर जात नाही, फक्त वाट बघायला लावतो. अर्थात जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ चा उच्चांक २०२४ मध्ये ओलांडू शकला, एवढी वाट. एकट्या कंपनीत, त्यातही कर्जबाजारी कंपनीत, मी थांबतो आणि वरचे २० टक्के खुशाल सोडून देतो. कर्ज नसलेली, रोकड कमावणारी कंपनी असेल तर हप्ते चालतील, पण किती हप्ते, कोणत्या भावांना आणि एकूण रक्कम किती, हे पहिल्या खरेदीआधी कागदावर उतरवा. तिसरा हप्ता ६० ला संपला आणि भाव ४५ झाला, तर चौथ्यासाठी पैसे शोधायचे नाहीत. कंपनीचे ताजे आकडे काढून बसायचं.