थर्माकोल की रॉकवूल: भिंत गार झाली, गिरणीच्या आवाजाचं काय?

अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो, म्हणून विटांच्या भिंतीला आतून 50 मिमी थर्माकोल चिकटवून वर पातळ प्लास्टर करतात. ऊन अडतं, शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर मात्र तशीच, कधी उलट जास्तच. कडक थर्माकोल स्प्रिंगसारखा वागतो आणि प्लास्टर त्यावर थरथरतं.

तेवढ्याच जाडीचं रॉकवूल (दगड वितळवून काढलेल्या तंतूंची लोकर, घनता 48 किलो प्रति घनमीटर) उष्णता जवळपास तितकीच अडवतं, आवाजही शोषतं. पण नुसतं ठोकून भागत नाही. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची) चौकट भिंतीपासून 10 मिमी सुटी, खाली-वर रबरपट्टी, चौकटीत रॉकवूल, वरून 12.5 मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक न येता. स्विचबोर्डाभोवती बोटभर फट राहिली की खर्च पाण्यात. तिथे सिलिकॉन भरा. भिंतीला ओल असेल तर आधी ती थांबवा, भिजलेलं रॉकवूल ऊनही अडवत नाही.