क्रोन्ससाठी ईईएन आणि नंतर सीडीईडी: लेकीचा अनुभव

लेक अकरा वर्षांची, निदान क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येण्याच्या जुनाट आजाराचं. आपल्याकडे आतड्याचा टीबीही बराचसा असाच दिसतो, त्यामुळे तो नाही याची खात्री होईपर्यंत उपचार अडून राहिले. मग डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइड नको, ईईएन (एक्सक्लुझिव्ह एन्टरल न्यूट्रिशन) करू. सहा ते आठ आठवडे जेवण बंद, सगळं पोषण पातळ फॉर्म्युल्यातून. मुलांच्या क्रोन्समध्ये युरोपीय तज्ज्ञ बहुतेक वेळा आधी हेच सुचवतात, कारण स्टेरॉइडने वाढ खुंटू शकते.

हा टप्पा वाटला होता त्यापेक्षा सोपा गेला. रोज काय करायचं हा प्रश्नच नाही. वास तिला नकोसा व्हायचा, म्हणून गार करून झाकणाच्या बाटलीतून स्ट्रॉने द्यायचे. सुरुवातीला रडारड, मग सवय झाली. पोटदुखी आधी थांबली, वजन मागून आलं, कॅलप्रोटेक्टिन (शौचाच्या तपासणीतला आतड्याच्या सुजेचा आकडा) सगळ्यात उशिरा उतरलं. ताप झाला तो पाहुण्यांचा. ‘अगं, एक घास तरी खाऊ दे पोरीला!’

घाम फुटला तो त्यानंतरच्या सीडीईडीला, म्हणजे क्रोन्ससाठी ठरावीक पदार्थ वगळणाऱ्या आहाराला. इस्रायलच्या आर्ये लेव्हिन यांच्या गटाचा हा आहार. २०१९च्या चाचणीत तो ९७.५ टक्के मुलांना झेपला, नुसता फॉर्म्युला ७३.६ टक्क्यांना. ती मुलं वरणभातावर वाढलेली नव्हती, एवढंच म्हणेन. पहिल्या टप्प्यात निम्मा फॉर्म्युला, निम्मं अन्न. गहू, दूध, डाळी, पाकिटातलं सगळं बंद. म्हणजे पोळी गेली, वरण गेलं, आजारपणातला हक्काचा दहीभातसुद्धा गेला. उरलं चिकन, अंडी, केळी, सफरचंद, भात आणि बटाटा, तोही उकडून गार केलेला. हळद-मिरी चालते, विकतचा मसाला नाही. तांदळाच्या भाकरीने तारलं. नेमका त्यातच श्रावण आला. सासूबाईंनी देव्हाऱ्यावर पडदा ओढला आणि ‘शिजव गं’ म्हणाल्या. मूळ तक्ता चिकन-अंड्यांवरच उभा आहे, तेव्हा शाकाहारी घरांनी आहारतज्ज्ञांशी आधीच बोलून घ्यावं.

खर्च दणदणीत. डबे भराभर संपतात आणि ‘ओपीडीतलं आहे’ म्हणून विमेवाल्यांनी हात वर केले. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या सुजेचा, क्रोन्ससारखाच पण वेगळा आजार) असेल तर ईईएनच्या भरवशावर राहू नका, तिथे त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

आता तिसरा टप्पा. औषध चालूच आहे, शनिवार-रविवारी थोडी सूट मिळते. पहिली सूट तिला पाणीपुरीवर उधळायची होती; आहारतज्ज्ञ बाईंनी घासाघीस करून घरच्या पुरणपोळीवर मिटवलं.