12 टक्क्यांच्या नादात माझे 9,50,000 गेले, तुमचे जायच्या आधी वाचा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत 29 वर्षं काढून डिसेंबर 2023 ला मी रिटायर झालो. पीएफचे 8,14,308 आणि ग्रॅच्युइटीचे 2,67,692 हातात आले. पेन्शन किती? महिन्याला 2,871 रुपये. एवढ्यात नवरा-बायकोनं बीपी-शुगरच्या गोळ्या घ्यायच्या का घर चालवायचं? "लोभ केलास, भोग" म्हणणाऱ्यांनी आधी या आकड्यात एक महिना काढून दाखवावा.

फेब्रुवारी 2024 ला मी 9,50,000 रुपये एका मल्टीस्टेट (एकापेक्षा जास्त राज्यांत चालणाऱ्या) सहकारी सोसायटीत ठेवले. 12 टक्के व्याज, दर महिन्याला 9,500 खात्यावर. हेड ऑफिस महाराष्ट्रात, शाखा आमच्या घराजवळ. नाव लिहीत नाही, वकिलांनी तसं सांगितलंय. मी काही डोळे झाकून गेलो नव्हतो. त्याच शाखेत रोज 100 रुपयांची पिग्मी, म्हणजे रोज माणूस येऊन गोळा करतो ती बचत, भरली होती आणि वर्ष संपल्यावर 36,500 व्याजासकट वेळेवर मिळाले होते. पिग्मीवाला आमच्याच गल्लीतला पोरगा, लहानपणापासून बघितलेला. बँकेत गेलं की फॉर्म कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत, दुसऱ्याकडून भरून घ्यायचा. इथं पावती मराठीत, बोलणं मराठीत, बसायला खुर्ची आणि चहा. आपली माणसं म्हणून आपण विश्वास टाकतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. त्यावरच त्यांचा धंदा चालतो.

सुरुवातीला व्याज 5 तारखेला बिनचूक जमा व्हायचं. दिवाळीनंतरच्या महिन्यात आलं नाही. शाखेत गेलो तर मॅनेजर म्हणाला, "सर्व्हर डाऊन हाय ओ मामा, कॅशच घेऊन जावा की." आणि ड्रॉवरमधून एक कॅरीबॅग काढून माझ्यापुढं ठेवली. 9,500 रुपये, पण कसे? दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा, रबर लावलेले गठ्ठे. काही नोटा ओल्या, काहींना हळदीचे डाग, एका गठ्ठ्याला सुक्या मासळीचा वास. घरी येऊन बायकोनं त्या उन्हात वाळत घातल्या.

भाजीवाल्या, मासेवाल्या बायकांनी त्याच दिवशी भरलेली ती पिग्मी होती. सोसायटीकडं स्वतःचा पैसा उरलाच नव्हता. सकाळी त्यांच्याकडून गोळा करायचे आणि दुपारी माझ्यासारख्याला व्याज म्हणून द्यायचे. त्या नोटा मी माझ्या हातानं मोजल्या. आज आठवलं की अंगाची लाही लाही होते. पण पैसे पूर्ण मिळालेत, समोरचा हसून बोलतोय, तर माणूस शंका तरी कशी घेणार? तुम्हाला असं कुणी रोख व्याज देऊ लागलं, तर व्याज राहू दे, दुसऱ्याच दिवशी मुद्दल मागा. "मार्च एंड होऊ दे" असं उत्तर आलं, की सरळ लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

गुढीपाडव्यानंतर शटर खाली. तोवर मला व्याजाचे 1,23,500 मिळाले होते. बाकीच्या 8,26,500 वर पाणी.

पुढचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, हे सहकाराचं प्रकरण, त्या खात्याकडं जावा. तिथला साहेब मान वर न करता म्हणाला, मल्टीस्टेट आमच्याकडं येत नाही, दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांना लिहा. परत ठाण्यात गेलो. आता तक्रार कन्नडमध्ये पाहिजे. टायपिंगवाल्याला 400 रुपये देऊन ती करून नेली, तर हेड ऑफिस महाराष्ट्रात आहे, तिकडं जावा. सीमेपलीकडं गेलो, तर "पैसे कुठं भरले? बेळगावात ना? मग इथं कशाला आलात?" पैसे उचलताना या चोरांना सीमा आडवी येत नाही. आमची तक्रार घ्यायची म्हटलं की मात्र दोन्हीकडच्या खाकीला नकाशा आठवतो! साठीला टेकलेल्या माणसाला बाकड्यावर तासन् तास बसवून ठेवायचं आणि शेवटी विचारायचं, "एवढं व्याज कोण देतं, तुम्हाला कळलं नाही?" अहो, तुमच्या नाकासमोर त्यांचा बोर्ड होता, वर्धापनदिनाला पुढारी येऊन हार घालून घेत होते, तेव्हा तुम्हाला का नाही कळलं?

नंतर एका वकिलाकडून कळलं की 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी तक्रार घ्यावी लागते. हे कलम कागदावर लिहून खिशात ठेवा, बोलताना आकडा सांगा. ठेवीदारांसाठी कर्नाटकाचा 2004 चा वेगळा कायदा (केपीआयडी) आहे, त्याचंही नाव तक्रारीत घाला.

आणि 5 लाखांच्या विम्याचं. तो बँकेतल्या ठेवीला असतो, सोसायटीतल्या ठेवीला नाही. मॅनेजरनं मला तोंडावर "सगळं इन्शुअर्ड हाय" सांगितलं होतं. बोर्डावर बँक नसून सोसायटी, सौहार्द (कर्नाटकातल्या सहकारी संस्थेचा एक प्रकार), पतसंस्था असं काही दिसलं तर विम्याचा विषयच डोक्यातून काढा.

पोस्टातल्या सीनियर सिटिझन योजनेत तेव्हा 8.2 टक्के मिळत होते. साठ पूर्ण नसली तरी 55 च्या पुढं रिटायर झालेल्याला पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यात घालता येतात. माझ्या साडेनऊ लाखांवर तिमाहीला 19,475 आले असते. फौंड्रीत हिशेब करून हातात चेक देणाऱ्यांनी हे एक वाक्य सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

सध्या आमच्या भागात दोघंजण फिरतायत. "25,000 भरा, वसुली करून देतो," म्हणतात आणि मूळ पावती मागतात. काहींना ठेवीच्या बदल्यात शेअर देतो म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही घ्यायला बघतायत. पावती हातातून सोडू नका, झेरॉक्ससुद्धा देऊ नका. ज्यांनी आधीच दिलीय, त्यांनी आजच ठाण्यात लेखी कळवून पोच घ्यावी.