राधानगरीच्या काजवा कॅम्पिंगच्या नावाखाली लुबाडतायत, पैसे भरायच्या आधी हे वाचा

मे संपत आला की कोल्हापुरात सगळ्यांच्या मोबाईलवर काजव्यांचे रील फिरायला लागतात, आणि नेमकं त्याच टायमाला हे लोक जाळं टाकतात म्हणून लिहितोय. आम्ही दोन घरची मंडळी, पोरं, वहिनी, माझी आई, सगळ्यांनी मिळून राधानगरीला एक रात्र तंबूत राहून काजवे बघायचं ठरवलेलं. इन्स्टावर एक पेज सापडलं, फॉलोअर हजारोंनी. तलावाच्या काठाला ओळीनं तंबू, मागं झाडं काजव्यांनी लखलखलेली, माणशी १,४९९ रुपये, त्यात रंकाळा स्टँडवरनं जायची-यायची गाडी, रात्री तांबडा-पांढरा अनलिमिटेड, सकाळी दाजीपूरला गवे बघायला सफारी. फोनवरचा माणूस आपल्याच बोलीत बोलणारा. आईला मावशी म्हणाला, तिचे गुडघे दुखतात म्हटल्यावर "मावशींचा तंबू गाडीजवळच लावतो बघा" म्हणाला. हे मुद्दाम सांगतोय, कारण फसवणारा म्हणजे हिंदीत बोलणारा केवायसीवाला असंच आपल्या डोक्यात बसलंय. हा तसा नव्हता, त्याला भोगावती, परितेचा रस्ता, सगळं नावानिशी माहीत होतं.

निम्मे पैसे अ‍ॅडव्हान्स मागितले. पाठवताना अ‍ॅपवर खात्याचं नाव भलतंच आलं, विचारलं तर म्हणाला आमच्या अकाउंटंटचं आहे. जायच्या आदल्या दिवशी दुपारी मेसेज आला, वनखात्याची एंट्री फी आणि रिफंडेबल डिपॉझिट मिळून माणशी ५०० आजच भरा, नायतर तुमच्या जागा वेटिंगवाल्यांना देणार. सोबत शिक्का मारलेली पावती पण होती. या लोकांची खरी पद्धत ही आहे बघा, दरवेळी मागायचं ते आधी अडकलेल्या पैशांपेक्षा कमी, म्हणजे माणूस म्हणणार आता एवढं भरलंय तर हे पण भरू. आणि वेळ कधीच द्यायचा नाही, सगळं आजच्या आज.

दुसऱ्या दिवशी रंकाळा स्टँडवर गेलो तर बॅगा घेऊन आणखी बरीच माणसं थांबलेली, एक कुटुंब तर इचलकरंजीवरनं आलेलं. गाडीचा पत्ता नाही आणि फोन कुणाचाच लागेना. मग सगळ्यांच्या मोबाईलवर एकदमच मेसेज, वनखात्यानं परमिशन कॅन्सल केली, पूर्ण रिफंडसाठी खालचा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. तिथल्या एका कॉलेजच्या पोरानं घाईत टाकला आणि त्याच्या खात्यातले आणखी चार हजार गेले. वहिनी ओरडली की अरे पैसे यायला पिन कशाला लागतोय, तेव्हा बाकीचे थांबले. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, जाताना लागतो. हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः नुकतं गुगल पे शिकलेल्या आई-वडिलांना बसवून सांगा.

तिथूनच १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे हा, आणि इथं घाई करायची ती खरी, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर बँक ते रोखून धरू शकते. ट्रान्झॅक्शनचा बारा आकडी नंबर विचारतात, तो अ‍ॅपच्या हिस्ट्रीत असतो. चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात समोरच्याला ब्लॉक पण करू नका, आधी स्क्रीनशॉट काढा. नंतर सायबर पोर्टलवर तक्रार केली, बँकेत अर्ज दिला. आमचे पैसे अजून आलेले नाहीत.

पोरं रडवेली झालेली म्हणून भाड्याची गाडी करून आम्ही राधानगरीला गेलोच. काजवे रस्त्याकडच्या झाडांवर बघितले, भरपूर होते, आई तर गाडीतनं उतरून बराच वेळ बघत उभी राहिली. जेवायला थांबलो तिथल्या मालकांना त्या पेजवरचे तंबूंचे फोटो दाखवले. त्यांनी बघताक्षणी सांगितलं की हे आमचं पाणीच नव्हे. घरी येऊन गुगल लेन्सवर टाकलं तर फोटो भंडारदऱ्याचे निघाले. आणि मुळात अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय कुणालाच रात्री तंबू ठोकता येत नाही. दाजीपूरचं जंगल १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं आहे, राधानगरी अभयारण्य २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत आलं, तिथं असा तंबूंचा बाजार कोण भरवू देईल? "जंगलाच्या आत कॅम्पिंग" असं कुणी विकत असेल तर सरळ वनखात्याच्या ऑफिसात विचारा. राधानगरीत प्रामाणिकपणे होम स्टे चालवणारी, मुलांना काजवे दाखवायला नेणारी स्थानिक माणसं आहेत, या भामट्यांमुळं त्यांच्या पोटावर पाय येतो, याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

पेज बघताना त्याच्या नावावर दाबून "अबाउट धिस अकाउंट" उघडा, अकाउंट कधी सुरू झालं आणि किती वेळा नाव बदललं ते बऱ्याचदा दिसतं. कमेंट बंद ठेवल्या असतील तर तिथंच सोडा. तंबू नेमके कुठल्या गावात, कुणाच्या रानात ते विचारा आणि त्या गावातल्या कुणाला तरी फोन लावून खात्री करा. राधानगरी लांब नाही, पन्नासेक किलोमीटर, ग्रुप मोठा असेल तर कुणीतरी एकानं गाडीवरनं जाऊन जागा बघून यावी. आणि पैसे मुक्कामाला पोचल्यावर देतो म्हणा, खरा माणूस थोडं टोकन घेऊन तयार होतो.

ते पेज आता नाव बदलून परत चालू झालंय. आम्ही रिपोर्ट केलंय, तुम्ही पण करा. यावेळी जुलैतल्या पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेची जाहिरात आहे, जेवण, टीशर्ट, सर्टिफिकेट, सगळं लिहिलंय. दरवर्षी जाणाऱ्या कुठल्याही मंडळाला विचारा, मुक्काम कुठल्या वाडीत, कुणाच्या घरात ते लगेच सांगतील. या जाहिरातीत मुक्कामाच्या गावाचं नाव कुठंच नाही, अ‍ॅडव्हान्सचा क्यूआर मात्र सगळ्यात वर आहे.