मिनरल की सिंथेटिक: ठाण्याच्या रहदारीत मोटारसायकलचे इंजिन ऑइल

खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणाऱ्या मिनरल ऑइलमधील रेणू लहानमोठे असतात, तर रासायनिक प्रक्रियेने तयार केलेल्या सिंथेटिक ऑइलमधील रेणू बरेचसे एकसारखे असतात. म्हणूनच सिंथेटिक ऑइल उष्णतेत अधिक काळ टिकते, त्याचे बाष्पीभवन कमी होते आणि इंजिनात गाळही कमी साचतो. घोडबंदर मार्गावर मे महिन्याच्या दुपारी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या एअर-कूल्ड इंजिनाला पुरेसा वारा मिळत नाही, आणि हा फरक खऱ्या अर्थाने तेथेच उपयोगी पडतो. कडाक्याच्या थंडीत सिंथेटिक ऑइल चटकन प्रवाही होते हा गुण खरा असला, तरी ठाण्याच्या हवेत त्याचा फारसा लाभ नाही.

मिनरल ऑइल स्वस्त असते. १०० ते १२५ सीसीची गाडी शांतपणे चालवणाऱ्याने ते वेळेवर बदलले, तर माझ्या मते तेवढे पुरेसे आहे. घरापासून स्थानकापर्यंतच गाडी नेणाऱ्याच्या इंजिनात ओलावा आणि पेट्रोलचा अंश साचतो. सिंथेटिक ऑइलही त्यापासून मुक्त नसल्याने तेल कधी बदलायचे हे ठरवताना केवळ किलोमीटर मोजून चालत नाही.

सिंथेटिकमुळे क्लच घसरतो ही भीती मात्र चुकीची आहे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो आणि तो घसरतो, तो मुख्यतः घर्षण कमी करणारी द्रव्ये असलेल्या कारच्या तेलामुळे. त्यामुळे डब्यावर जासो एमए किंवा एमए२ ही, तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची जपानी मानकाची खूण पाहावी आणि १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४० अशा दाटपणाच्या श्रेणींपैकी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलीच श्रेणी घ्यावी. जुन्या गाडीत मिनरलवरून सिंथेटिककडे वळल्यावर, झिजलेल्या सीलमधून तेल पाझरत नाही ना, हे काही दिवस तपासत राहावे.